सुमनचं पत्र

पिंप्राळा, मंगळवार, १२ जानेवारी १९८८

दिनकरची सुट्टी शनिवारी संपते. मग दोन वर्षं लडाख. जेवताना मला म्हणाला, "आई, माझी पत्रं तूच वाचून दाखव सुमनला." मी नाही म्हटलं. त्याला राग आला. "मग बायकोनं काय शेजारी जायचं?"

कसं सांगू त्याला? त्याचे वडीलही फौजेत. त्यांची पत्रं मला मास्तर वाचून दाखवायचे, ओट्यावर, चार माणसांत. मग ते तरी काय लिहिणार? 'सर्व कुशल. म्हशीला जपणे.' दर पत्रात म्हैस. ते गेल्यावर मी एकेक अक्षर शिकले, ते त्या पत्रांसाठीच. माझ्यासाठी कुठे तरी काही असेल, असं वाटायचं. सगळी वाचली. म्हैसच होती.

म्हणून दिवाळीपासून सुनेला पाटीवर शिकवतेय. येतं तिला, पण सावकाश. आज दिनकरला म्हटलं, एक पत्र आत्ताच लिहून दे, बघू. सुमन खाली बघत त्याला म्हणाली, "मोठा अक्षरमा लिखा."

चार ओळी लिहिल्या त्याने. मागच्या दारात बसून ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. कितीतरी वेळ. एका शब्दाला अडली, तशी उठून माझ्याकडे आली. कागद पुढे केला, पण लगेच मिटून घेतला आणि आत त्यालाच विचारायला गेली.

मी लसूण सोलत बाहेरच बसले.