बाविसावी बदली

गुरुवार, १४ मार्च. सकाळचे पाच वाजून दोन मिनिटं. उरलेल्या फळ्यांच्या थप्पीवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे.

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. पटाशी लागलेला तुमचा अंगठा आता दुमडतो का? मामीच्या गुडघ्यालाही उतार पडला असेल. माझी प्रकृती ठीक आहे, फक्त भूक आणि झोप लागत नाही. हे पत्र घेऊन येणारा माणूस सहा दहाच्या गाडीने निघणार आहे, म्हणून घाईत लिहितो. (घाई असली तरी शंका आलेला प्रत्येक शब्द कोशात बघतो आहे. कोश या घरात ट्रंक क्रमांक दोनमध्ये असतो.)

हे काम बिघडवलंस तर जन्मभर पॉलिश पेपर घासत बसशील, असा आशीर्वाद देऊन तुम्ही मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलंत, त्याला आज सोळा दिवस झाले. काम साधं होतं: निवृत्त कर्नलसाहेबांच्या झोपायच्या खोलीत एक कपाट, सात फूट उंच, पाच फूट रुंद. कपाट साधंच होतं, घर साधं नव्हतं. बाहेरच्या खोलीत अकरा काळ्या ट्रंका आहेत, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात क्रमांक. साहेबांना निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली, पण उघडलेल्या ट्रंका तीनच. बाकीच्यांपैकी एकीवर टीव्ही आहे, क्रमांक सहावर पाहुणे बसतात, क्रमांक पाचवर चहा ठेवतात. (मी पहिल्या दिवशी सहावर ठेवला. उचलायला लावला.)

नोकरीभर साहेबांची दर दीड-दोन वर्षांनी बदली व्हायची. एकवीस बदल्या, एकवीस सरकारी घरं. आता हे स्वतःचं घर, इथून कुठे जायचं नाही, हे त्यांच्या डोक्याला कळतं. पायांना कळत नाही. तिसरं वर्ष अर्धं सरलं तसे ते उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखे थडथडू लागले आहेत. मी आल्यापासून पलंगाची जागा चार वेळा बदलली. ट्रंकांच्या दोऱ्या ओढून बघितल्या. दूधवाल्याला बोलावून चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला, सही-शिक्क्यासकट. त्याने तो गल्लीभर मिरवला, गल्लीने ओळखलं की साहेब चालले, आणि रविवारी एक दलाल पाच माणसांचं कुटुंब घेऊन घर बघायला हजर झाला. बाईसाहेब हात पुसत बाहेर आल्या, तेव्हा त्या कुटुंबातल्या आजीबाई ट्रंक सहावर बसून, स्वयंपाकघरात उजेड कमी आहे, असं आपल्या सुनेला सांगत होत्या.

आता मूळ घोटाळा. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला सांगितलं होतं की कपाट वीस मिनिटांत सुटं झालं पाहिजे, प्रत्येक भागावर क्रमांक हवा. मी भीत भीत म्हटलं, की भिंतीतलं कपाट आहे ना? तर म्हणाले, "सुतार, माणसाची बदली होते, भिंतीची होत नाही." मी मान हलवली. तासाभराने पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर बाईसाहेब दार लोटून हळूच म्हणाल्या,

"एकवीस घरं झाली रे. सरकारी भिंतीला एक खिळा ठोकला तरी जाताना भरपाई द्यावी लागायची. मला एकदा खिळा ठोकून राहायचंय. भिंत फुटली तरी ते कपाट निघता कामा नये."

मी तिथेही मान हलवली. (गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हे तुम्ही शिकवलंत. एका घरात दोन गिऱ्हाइकं निघाली तर काय करायचं, हे राहून गेलं.) मग दारं आणि फळ्या नट-बोल्टवर बसवल्या, क्रमांक घातले, आणि मागची चौकट सहा लांब स्क्रूंनी भिंतीत घट्ट आवळून वर पातळ फळी ठोकली. म्हटलं, साहेब कशाला मागे बघतात.

काल दुपारी चार वाजता साहेब घड्याळ घेऊन आले. कपाट सोडवायची तालीम. दारं तीन मिनिटांत निघाली, फळ्या सातव्या मिनिटाला. साहेब मनातल्या मनात गाडीत चढले होते. मग चौकट. ती हलेना. साहेबांनी ओढली, मी ओढल्यासारखं केलं (याची लाज वाटते), मग दूधवाल्याला हाक मारली. दाखल्याला जागून त्याने असा हिसका दिला की ताटाएवढा गिलावा खाली आला आणि दिव्याचं बटण हातात. चौकट जागच्या जागी. साहेबांनी टॉर्च आणून फळी उचकटली आणि स्क्रू मोजले. कोणी सांगितलं, असं मला विचारलं. मी खाली पडलेला गिलावा गोळा करू लागलो.

"मी," दारातून बाईसाहेब म्हणाल्या.

"सहा स्क्रू?"

"सहाच? मी त्याला आठ सांगितले होते."

दूधवाला चप्पल हातात घेऊन मागच्या पावली गेला. साहेब त्या फुटलेल्या भिंतीजवळ गेले. मग चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, की हे कोणाकडे शिकलास? तुमचं नाव निघालं. काम किती वाजता सुरू होतं, हाताखाली माणसं किती, चुकलं तर काय करतात, सगळं विचारलं. घाबरलेला माणूस खरं बोलतो. सहा वाजता सुरू होतं, एक मिनिट उशीर चालत नाही, केसभर फरक पडला तर मामा फळी फेकून देतात. सोळा दिवसांत पहिल्यांदा साहेबांच्या चेहऱ्यावर रंग आला.

संध्याकाळी गिलावा त्यांनी स्वतः भरला. फळ्याही स्वतः लावल्या, क्रमांक न बघता. बाईसाहेबांनी ट्रंक नऊ उघडून कपाट लावायला घेतलं, ते अजून चालूच आहे. मी शनिवारपर्यंत परततो. मामीला नमस्कार.

आपला भाचा

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. बाईसाहेबांची विनंती आहे की साहेबांना दोन महिने तुमच्याकडे शिकायला ठेवून घ्यावं. चौतीस वर्षांच्या अनुभवाचा अर्ज सोबत जोडला आहे. पॉलिश पेपरपासून सुरुवात करायला ते तयार आहेत. तेव्हा माझी ती जागा भरली, असं मी धरून चालतो.

आणखी ता. क. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं, हे कबूल. पण बाईसाहेबांनी कालच बदलीचा हुकूम लिहून दिला: मुदत दोन महिने, मुदत संपताच कपाटापाशी हजर व्हावं. हुकूम हातात पडल्यावर साहेबांना कोण थांबवणार? सोबतचा माल: ट्रंक एक (क्रमांक सात), रंधा एक (नवा), कर्नल एक. यादीवर सही करून परत पाठवावी, बाईसाहेबांना हवी आहे.

पत्र लांबलं. साहेब अजून तुमच्यासमोर उभेच असतील. बसा म्हणा, सांगितल्याशिवाय बसायचे नाहीत.