शंभर वर्षांची झोप

कुलदीप,

उद्याच्या नाटकाची मला भीती वाटते. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, अकोल्याहून दिवे आणि माईक सांभाळायला आले होते. नाटक बसवणाऱ्या माणिकताईंनी मला राजकन्या केलं. गाविलगडावर शापाने शंभर वर्षं झोपलेली, राजपुत्राच्या तिसऱ्या हाकेला जागी होणारी.

संहितेत तुझं वाक्य आहे, "उठावे, राजकन्ये." काल तालमीत तू म्हणालास, "काहून झोपून राहिली वं? उठ ना!" सगळे हसले आणि मी पहिल्याच हाकेला उठून बसले. माणिकताई ओरडल्या, "अवं, शंभर वर्साची झोप, अन् एका 'वं'त उडाली?"

आमच्या मोर्शीच्या घरात बाबा 'गं'च्या जागी 'वं' फक्त आईलाच म्हणतात. उद्या ते पहिल्या रांगेत असतील. मी पुन्हा तशीच उठले, तर त्यांना सगळं कळेल. आणि तू ते नुसतं हशासाठी म्हणाला असशील, तर तेही मला तिथेच, सगळ्यांसमोर कळेल.

तुला आधीच सावध करावं, म्हणून लिहायला बसले. पण सावध केलं तर तू शहाण्यासारखा संहितेप्रमाणे बोलशील. मला त्याची जास्त भीती वाटते. म्हणून हे पत्र मी तुला देणार नाही.

पौर्णिमा