गंमतवनाचा अनुस्वार

नागभीड, रविवार

पेंटरांचे पेंटर, आदरणीय धनराजभाऊंना लटारू जावयाचा रामराम.

कंबर कशी आहे? आम्ही ठीक. तलावात मासे आहेत, जाळ्यात येत नाहीत एवढेच. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही नुसते हॅलो हॅलो करता आणि ही गोष्ट हॅलोत मावणारी नाही.

भाऊ, चिमूर रस्त्यावरच्या आपल्या गंमतवनाचे नाव बदलले. (आपल्या म्हणतो, कारण पाटी तुमच्या हातची. अनुस्वार विसरून तुम्ही 'गमतवन' लिहिले, मालक चिडला, तेव्हा 'ग'च्या डोक्यावर खिळा ठोकून तुम्ही त्याला पिवळा रंग दिला. वीस वर्षे तो जागचा हलला नाही.) आता तिथे इंग्रजीत कसलेसे किंगडम लिहिले आहे. आकाशपाळणा तोच, प्लास्टिकचा मोर तोच.

तुमची बहीण कमळा शाळेत गेली नाही. तुम्ही गेलात (आणि अनुस्वार विसरलात). त्या पाटीखाली बसची वाट पाहता पाहता मी तिला ती पाच अक्षरे शिकवली. सहावे काही ती शिकली नाही, पुरे म्हणाली. पण तेव्हापासून बस तिथे थांबली की ती खिडकीतून मोठ्याने 'गंमतवन' वाचायची, आणि तिचे वाचून झाल्यावरच कंडक्टर घंटी द्यायचा. गेल्या सोमवारीही तो दोरीला हात लावून थांबला. कमळाने नव्या पाटीकडे बराच वेळ पाहिले आणि त्याला म्हणाली, "घंटी द्या जी. मले आता वाचता येत नाई." मला फार वाईट वाटले, भाऊ. घरी येईपर्यंत मी तिच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून तिकीट काढले. मॅनेजर शोधताना चुकीच्या रांगेत शिरलो आणि घसरगुंडीवरून डोक्यावर पाण्यात पडलो. (जन्म पाण्यात गेला, पण असा कधी गेलो नव्हतो.) मॅनेजर म्हणजे मयुरी नावाची भली पोरगी निघाली. तिने टॉवेल दिला आणि तक्रारीच्या कागदावर तारे भरायला सांगितले. टॉवेल चांगला होता, म्हणून पाचही भरले. जुनी पाटी कुठे आहे विचारले, तर कापून पंपाच्या खड्ड्यावर झाकण केलेली. अक्षरांचा रंग पार उडालेला. नाव बदलायचा हक्क त्यांचा आहे, मान्य. माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

वहिनींना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

आपला,
लटारू

ता. क. तक्रार नाही असे वर लिहिले ते खोटे आहे. कंबर बरी झाली की ब्रश घेऊन या. फळी मी रंधा मारून ठेवली आहे. आमच्या दारावर लावायची, अक्षरे तीच आणि तेवढीच मोठी.

आणखी एक. अनुस्वार याही वेळी विसरा. पिवळा खिळा मी त्या झाकणातून पकडीने उपटून आणला आहे. काही न सांगता कमळाच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "हा तं 'ग'वरचा हाय."