कापूस अडकता कामा नये

प्रिय झिपऱ्या,

तुझा फोटो मिळाला. आता तुला झिपऱ्या म्हणायची सोय राहिली नाही, कारण झिपऱ्याही गेल्या आणि दाढीही गेली. पण खाली जे काही उघडं पडलंय ते बघून नवीन कोणतं नाव ठेवावं, याचा विचार करतेय. काय दिवे लावलेस रे! हनुवटीखाली लालभडक पुरळ, गळ्यावर गाठी, आणि जबड्याच्या कडेला तू सुई घालून उकरलेलं ते भोक. मी शर्ट शिवणारी बाई, पण फुकट आलेलं चिंधीचं कापडही मी इतक्या निर्दयपणे उसवत नाही. तुझं तर स्वतःचं तोंड होतं.

बरं, नोकरी लागली त्याचा आनंद आहे, तो आधी नोंदवून घे, कारण पुढे आनंदाचं फारसं काही येणार नाही. रंगाच्या कारखान्यात फवारणीच्या खोलीत काम, तोंडावरचा मास्क कातडीला घट्ट बसला पाहिजे, मध्ये केस असले की वाफ आत शिरते, म्हणून दाढी चालत नाही. इथवर कळलं. पहिल्या तपासणीत तुझ्या गालावर खुंट होते म्हणून तुला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी गाठी इतक्या ठणकत होत्या की मास्कचा पट्टा तुलाच ओढवेना. आणखी एकदा असं झालं तर फवारणीतून काढून गोदामात खोकी उचलायला लावतील, आणि ते तुला नकोय. म्हणून जन्मात पहिल्यांदा तुला बहिणीची अक्कल आठवली. ‘ताई, काहीतरी सांग ना,’ असं लिहिलंस. तोवर कुठे होतास?

तुझ्या सामानाचाही फोटो पाहिला. पलंगावर असं मांडून ठेवलंयस की जणू घरात नवरी येणार आहे. पाच पात्यांचं रेझर, डोळे दिपतील असं निळं जेल, अक्रोडाच्या टरफलांची भुकटी घातलेलं घासायचं मलम, आणि वरून लावायला ते चरचरणारं पाणी. ज्याची कातडी मुळात नाजूक, त्याने आधी ती टरफलांनी घासायची, मग तिच्यावर पाच पाती ओढायची, मग त्या जखमांवर स्पिरिट ओतायचं. एखाद्या शत्रूला छळायचं असतं तरी मी याहून कमी सामान आणलं असतं. तुला दुकानदाराने गंडवलं म्हणावं, तर त्यालाही फार कष्ट पडले नसतील.

पण मला खरा संताप आला तो तुझ्या शेवटच्या ओळीने. ‘कापूस अजिबात अडकत नाही गं, तरी गाठी येतात.’ कापूस! घर सोडलंस, बाबांचं तोंड बघणार नाही म्हणालास, त्यांनी घेऊन दिलेलं घड्याळही टेबलावर काढून ठेवून गेलास, आणि नेमका तो कापसाचा बोळा बरोबर घेऊन गेलास? बाबांच्या सगळ्या शिकवणीतली सगळ्यात बिनडोक गोष्ट तेवढी तुझ्या लक्षात राहिली.

मला सगळं आठवतं. आरशाशेजारची पत्र्याची डबी, तिच्यात कापूस. दाढी झाली की बाबा बोळा गालावरून उलटा फिरवायचे. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा फेस, पुन्हा पातं, कातडी ताणून खालून वर. कवायतीचे मास्तर ना ते! मुलांची नखं तपासायची, बूट तपासायचे, आणि मोठ्या मुलांच्या हनुवट्याही. तुला मिसरूड फुटलं तशी तुझ्याही हातात डबी आली. कापूस अडकता कामा नये. तू मुकाट्याने ताणून ताणून खरवडायचास, दोन दिवसांत गळा पेटायचा, आणि ते म्हणायचे की हात आळशी आहे याचा. मग स्पर्धेच्या दिवशी मैदानात, सगळ्या संघासमोर, तुझी हनुवटी वर धरून त्यांनी विचारलं, हे तोंड आहे की किसणी? पोरं हसली. त्यानंतर तू दाढीला हात लावला नाहीस, आणि ते तुझ्याशी बोलले नाहीत. एवढ्याशा केसांवरून दोन धडधाकट पुरुषांनी घर मोडलं. मला तेव्हाही तुमची कीव आली नव्हती आणि आजही येत नाही.

आता मला हे सगळं कुठून कळतं, ते सांगते. अर्धांगाच्या झटक्याने बाबांचा उजवा हात गेला, तेव्हापासून त्यांची दाढी मी करते. हात गेल्याचं तुला फोनवर सांगितलं होतं. तू ‘बरं’ म्हणालास. नंतर जेव्हा जेव्हा त्यांचं नाव काढलं, तेव्हा तेव्हा तुझ्याकडची रेंज गेली. तुझ्या गावातले टॉवर फारच मानी दिसतात. म्हणून तर हे कागदावर लिहितेय. कागद कट करता येत नाही.

पहिल्या आठवड्यात मीही त्यांच्याच पद्धतीने केली. कातडी ताणली, उलटं पातं फिरवलं, कापूस फिरवला, गालफड काचेसारखं झालं आणि मी स्वतःवर खूश. दोन दिवसांनी गळ्यावर फोड उठले, एकात पू झाला. कातडीच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी पत्र्याची डबी उघडून पाहिली, कापूस कशाला ते विचारलं, आणि मी मोठ्या अभिमानाने सांगितल्यावर माझ्याकडे असं काही बघितलं की मला माझ्या दुकानाची पाटी उतरवावीशी वाटली. ताणलेल्या कातडीवर उलटं पातं चालवलं की केस कातडीच्या आत तुटतो, म्हणाल्या. कातडी सोडली की तो खाली दडतो, वाढताना वाकतो आणि बाहेरची वाट सोडून आतच घुसतो. म्हणजे कापूस जितका सुळकन फिरेल, तितकी गाठ नक्की. समजलं? तुम्ही दोघं आयुष्यभर ज्या परीक्षेत पास होत होतात, ती नापास व्हायचीच परीक्षा होती.

तर ऐक, आणि एकदाच ऐक. गाठी बसेपर्यंत पातं लावू नकोस, तपासणीची तारीख पुढे मागून घे. सुई फेकून दे. ज्यात पू आहे ते डॉक्टरला दाखव. निळं जेल, टरफलं आणि स्पिरिट शेजाऱ्याला दे, म्हणजे तुझं त्याच्याशी वैर असेल तर. एका पात्याचं साधं रेझर आण, बिनवासाचा साबण आण आणि मऊ केसांचा ब्रश आण. आंघोळीनंतर दाढी कर, केस भिजून मऊ होऊ देत. ब्रशने फेस गोल गोल फिरवून चोळ, घाई करू नकोस, तू काही आग विझवायला निघालेला नाहीस. पातं लावायच्या आधी बोटांनी चाचपून बघ केस कुठल्या दिशेने झोपलेत. गालावर ते खाली जातात, पण गळ्यावर तुझे एका बाजूला आडवे जात असतील आणि दुसऱ्या बाजूला वर. कसं माहीत, ते येईलच पुढे. केस जातात तिकडेच पातं ने. कातडी ताणायची नाही, रेझर दाबायचं नाही, त्याच्या वजनाने ते चालतं. एकदाच फिरव. गार पाणी, टिपायचं, पुसायचं नाही, साधं मलम. जरा खरखरीत लागेल, लागू दे. मास्कला तेवढं चालतं का ते तिथल्या तपासणीवाल्यालाच विचार. त्याला खुंट नकोत, तुझ्या गालावर कापूस घसरवायची त्याला हौस नसावी.

आता कॉलरबद्दल. बाबांचे सगळे शर्ट मी शिवत आले. गळ्याभोवतीची पट्टी नेहमीपेक्षा उंच, कडक अस्तराची, आणि वरचं बटण कायम लावलेलं, भर उन्हाळ्यातसुद्धा. मी ती ऐट समजायचे. दुकानात गिऱ्हाइकांना सांगून हसायचे की आमच्या मास्तरांची मान कॉलरशिवाय उभी राहत नाही. पहिल्या दिवशी फेस लावायला ते बटण काढलं आणि बघते तर काय. सगळा गळा जुन्या व्रणांनी काळवंडलेला. काही गाठी तर दगडासारख्या टणक, कित्येक वर्षांच्या. केस एका बाजूला आडवे, दुसऱ्या बाजूला वर. आई होती तेव्हा तिला माहीत असेल का, कोण जाणे. तिने कधी सांगितलं नाही. तुला चारचौघांत किसणी म्हणणारा माणूस स्वतः कॉलरच्या आत किसणी घेऊन फिरत होता. एकच कातडी, तिच्यावर एकाने पट्टी चढवली, दुसऱ्याने दाढी वाढवली, आणि दोघांनी मिळून एकमेकांना नालायक ठरवलं. शाबास. असली हुशारी आपल्याच घरात जन्माला यावी!

हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं असं म्हणशील. तुझी रेंज असती तर सांगितलंही असतं. पण आज लिहायला बसले ती त्यासाठी नाही, तुझ्या गाठींसाठी तर नाहीच. परवा तुझा फोटो आला तेव्हा मी कापड बेतत होते आणि बाबा शेजारी खुर्चीत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. खरं सांगायचं तर जरा खिजवायलाच. ते डोळे बारीक करून फोटोवर वाकले. मग डाव्या हाताने वरचं बटण काढायला लागले. त्या हाताला बटणं जमत नाहीत, बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावून देते म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो, आणि मी पुढे केलेला हात त्यांनी झटकला. बटण निघालं तेव्हा त्यांना घाम फुटला होता. फोटोतल्या तुझ्या गळ्यावर बोट ठेवलं, मग आपल्या गळ्यावर ठेवलं. त्यांचे शब्द आता फार थोडे उरलेत, त्यातला एक त्यांनी खर्च केला: ‘दाखव.’ मी त्यांच्या गळ्याचा फोटो काढून तुला पाठवायला निघाले, तर फोन ढकलून दिला. म्हणजे फोटो नको, तू हवायस. तेव्हापासून मला दाढी करू देत नाहीत. फेस घेऊन गेले की तोंड फिरवतात आणि दाराकडे बघतात. मी फार बोलले त्यांना, तुला बोलतेय तसंच, पण ऐकत नाहीत. तेव्हा सुट्टीच्या दिवशी ये, आणि नवीन ब्रश बरोबर आण. मी गरम पाणी ठेवेन आणि दुकानात निघून जाईन. दाढी तू करायची. केस जातात त्या दिशेने, न दाबता, एकदाच. कापसाची डबी मी फेकली आहे. लवकर ये रे, ते कॉलर उघडी टाकून बसलेत.

तुम्हा दोघांना पुरून उरलेली, तुझीच
ताई