उंच गाडी, लांब पाइप

रविवार, ६ एप्रिल
गाडी चार इंच उचलली. सोलापूरला जाऊन किट बसवून आणलं. नळदुर्गात एवढी उंच फोर बाय फोर पिकअप दुसरी नाही. माझ्या कृषी सेवा केंद्रासमोर लावली तर दुकानाची पाटीच झाकली. दोन गिऱ्हाइकं दुकान शोधत पुढं निघून गेली. चालायचंच.

बायकोनं, म्हणजे शिवलीलानं, आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "खत न्यायला घेतली व्हती ना? आता पोतं वर कोण फेकणार?" बाईला व्हिजन नाही.

संकल्प: वीस तारखेला सासऱ्यांना याच गाडीतून सोनारीला भैरोबाच्या दर्शनाला नेणार. लग्नानंतर एकदाच ते माझ्या मोटारसायकलवर बसले, तेव्हा मी त्यांना ओढ्यात घातलं. तेव्हापासून सासरे महांतप्पा फक्त एसटीनं फिरतात. हा डाग धुवायचाच.

बुधवार, ९ एप्रिल
शंभुलिंग मेकॅनिकनं गाडीखाली डोकं घातलं. म्हणाला, गाडी वर गेली, पण ब्रेकचे होज पाइप तेवढेच राहिले. चाक खड्ड्यात लटकलं की पाइप ताणून फाटणार, ब्रेक गेलाच समजा. लांब पाइप टाकायला पाहिजेत.

मीच टाकणार. तीन व्हिडिओ बघितलेत. एकात तर माणूस शिट्टी वाजवत टाकतो. पाइप ऑनलाइन मागवले.

शनिवार, १२ एप्रिल
पाइप आले. देखणे आहेत. उशाशी ठेवले. शिवलीलानं उचलून चपलांजवळ ठेवले.

रविवार, १३ एप्रिल, दुपार
पाइप बसले! जुने सोडताना ब्रेक ऑइल थोडं बाहीत गेलं, बाकीचं अंगणात. व्हिडिओतल्या माणसाचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता, हे आत्ता लक्षात आलं.

मग पाइपातली हवा काढायला घेतली. शिवलीला वर पेडलवर, मी खाली. तिनं पेडल दाबून धरायचं, मी नट सैल करायचा, हवा फुस्स, नट आवळला की तिनं सोडायचं. तिसऱ्या चाकाला दूध उतू गेलं आणि बाई पेडल सोडून पळाली. हवा परत आत. दोष कुणाला देत नाही, पण दूध तिनंच ठेवलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
डब्यातलं ब्रेक ऑइल संपलं, गाडीतली ऑइलची टाकी अजून निम्मी रिकामी. आज रविवार, पार्टचं दुकान बंद. उद्या जयंती, उद्याही बंद. डोकं शांत ठेवून विचार केला. स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या लाकडी घाण्यावरचं करडईचं तेल आहे. ते स्वतः सांगतात, एक थेंब भेसळ न्हाय. ऑइल म्हणजे शेवटी तेलच की! वाटीभर ओतलं. हवा काढली. पेडल टणक!

एकाही व्हिडिओवाल्याला हे सुचलेलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल
ब्रेक अप्रतिम. नुसता पाय टेकवला की गाडी जागेवर.

डब्यातलं तेल उतरलेलं शिवलीलाच्या लक्षात आलं. घशासाठी तेलाच्या गुळण्या केल्या म्हणून सांगितलं. तिनं लगेच आल्याचा तिखट काढा करून दिला. प्यावा लागला.

गुरुवार, १७ एप्रिल
ब्रेक रोज सुधारतोय. आता पेडल न दाबताही गाडी थांबते. उतारावरसुद्धा रेस द्यावी लागते. सेफ्टी सेफ्टी म्हणतात ती हीच. चाकं तापतात जराशी. नाक्यावर शंभुलिंगनं नाक वर करून वास घेत विचारलं, "इथं भजी कोण तळायलंय?" गाडी दाखवा म्हणाला. दाखवली नाही. जळतो माझ्यावर.

शनिवार, १९ एप्रिल
सासरे आले. मान वर करून गाडी बघितली. "लई उंच झाली की ओ जावईबापू. चढायला शिडीच लागंल." मी पाट आणून ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "एसटीत उभं राहवत न्हाय आता. गुडघे बोलतेत. उद्या तुमच्याच संगं येतो."

मी पाट पुसून घेतला. दोनदा.

रविवार, २० एप्रिल, सकाळ
शिवलीलानं गाडीला ओवाळलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळ फोडला. सासरे पाटावरून चढून पुढच्या सीटवर बसले, उपरणं नीट केलं. सगळी गल्ली लिंबं फुटायची वाट बघत उभी.

गिअर टाकला. गाडी हलली नाही. फोर बाय फोर टाकला. इंजिन बोंबललं, गाडी जागेवर. गल्लीनं मिळून ढकललं. एकही लिंबू फुटलं नाही.

शंभुलिंगनं येऊन टाकीचं झाकण काढलं आणि बोट बुडवलं. रबर फुगून चारी ब्रेक चिकटून बसलेत म्हणाला. ह्यात घातलंय काय, असंही विचारलं. सासरे खाली उतरले, त्याचं बोट नाकाशी धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हे आमच्या घाण्याचं हाय."

शिवलीला एवढंच म्हणाली, "गुळण्या?"

संध्याकाळ
दोघं एसटीनं गेले. शिवलीलाचा फोन आला. बार्शीपर्यंत अप्पांना जागा मिळाली नाही. जावयाची गाडी असताना एसटी कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "गाडी झ्याक हाय. आमच्या तेलावर जावयाचा लई भरवसा."

फोन ठेवल्यावर सासऱ्यांसाठी मांडलेला पाट उचलून आत नेला. त्यांचे गुडघे डोळ्यांसमोरून जात नव्हते.

नोंद: लांब पाइप मात्र बरोबर बसलेत. शंभुलिंगनंही मान्य केलं.

जेवणाला भात टाकला. फोडणी द्यायला गेलो तर तेलाचा डबाच नाही. सासरे जाताना घेऊन गेले. कोरडा भात घशाखाली उतरेना, म्हणून बाहेर जाऊन पुढच्या चाकाजवळचं लिंबू आणलं आणि पिळलं. पूजेचं खाऊ नये म्हणतात. रस भरपूर होता.