खरवडलेली नावं

हेझलफर्ड, १६६१. सातवा महिना, दिवस ३

आज दुपारी बैलगाडीने इथे पोचले. एकट्या विधवेने वेगळी चूल मांडू नये असा आमच्या वसाहतीचा कायदा आहे, म्हणून चर्चची कामं पाहणारे डीकन ऑबडाया ट्रास्क आणि त्यांची बायको मर्सी यांच्या घरी माझी सोय झाली. घर लख्ख. माझी खोली धुराड्याला लागून आहे, हिवाळ्यात ऊब राहील. मर्सी पन्नाशीची असेल, पण कपाळावर एक आठी नाही. दिवसभर स्तोत्रं गुणगुणत असते. मी लिहा-वाचायला आपली आपण शिकले हे ऐकून डीकन म्हणाले, “मग आता मक्याची भाकरीपण वाचूनच भाजणार का, होपस्टिलबाई?” मी हसले. माझा नवरा जोनास समुद्रात गेला त्याला चार वर्षं झाली, माझी लेक डॉर्कस घशाच्या दुखण्याने गेली त्याला सात महिने. त्या सात महिन्यांतलं हे पहिलं हसू.

दिवस ८, प्रभूचा दिवस

पाद्री वेल्टन यांचं प्रवचन ऐकलं. वाळूचं घड्याळ दोनदा उलटलं तरी कुणी जागचं हललं नाही. माणूस आवाज चढवत नाही. नंतर त्यांनी मला नियम सांगितला: देवाची कृपा आपल्यापर्यंत कशी पोचली याची साक्ष दिल्याखेरीज चर्चच्या मंडळीत प्रवेश नाही, आणि ज्याला प्रवेश नाही त्याला पहिल्या बर्फाआधी गाव सोडावं लागतं. पुढे म्हणाले, तुला लिहिता येतं, तर लिहूनच दे. मला अभिमान वाटला. दुपारच्या दुपारी दोन पानं लिहून दिली. आमच्यात सगळे लिहितात तसंच लिहिलं, की मी देवापेक्षा डॉर्कसवर जास्त प्रेम केलं, देवाच्या जागी ती माझी मूर्ती झाली, म्हणून देवाने ती फोडली आणि ते योग्यच झालं. खरं सांगायचं तर ते मला कधीच योग्य वाटलेलं नाही. पण साक्ष अशीच असते. लहानपणापासून अशाच ऐकल्या आहेत.

दिवस १२

लोकर शोधायला पेटी उघडली तर तळाशी लहान मुलांचे बूट. तीन जोड, तीन मापांचे, एकाची टाच पार झिजलेली. कुणाचे म्हणून मर्सीला विचारलं. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि शांतपणे सांगितलं की या घरात मूल कधी नव्हतंच, कुणी शेजाऱ्याने ठेवायला दिले असतील. मग बूट जागच्या जागी ठेवून ती घेवड्याच्या शेंगा सोलायला बसली. मला वाटलं वय झालं, विसरली. पण झिजलेली टाच कोणती आई विसरते?

दिवस १७

मंडळीची साक्षीची वही उंदरांनी कुरतडली आहे. नक्कल करायला पाद्रींनी ती माझ्याकडे दिली. अकरा बायकांच्या साक्षी. अकराहीजणींनी मुलं पुरलेली, अकराहीजणींनी ती आपली मूर्ती असल्याचं कबूल केलेलं, आणि जिथे मुलांची नावं असतील तिथला कागद चाकूने खरवडलेला. मर्सीचं पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. बोरूचा दाब कागदात उरला होता: एनॉक. पेशन्स. सहा आठवड्यांचा सायलस.

शेवटचं पान माझं, पाद्रींनी आपल्या अक्षरात उतरवून घेतलेलं. त्यावर डॉर्कस अजून शाबूत आहे.

दिवस १८

सरळ पाद्रींच्या दारात जाऊन विचारलं. त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, साक्ष मंडळीपुढे वाचली की मूर्तीचं नाव खरवडायचं, मग तिची आठवण जाते आणि दुःखही जातं. मर्सीकडे बघ, किती शांत आहे. मी म्हणाले, मला शांत व्हायचं नाही. माझं पान परत द्या, मी बर्फाआधी निघून जाईन. त्यावर ते म्हणाले, “दिलेली साक्ष परत घेता येत नाही, बाई. बायकांची साक्ष तशीही मीच वाचतो. तू तिथे नसलीस तरी चालेल.”

वही त्यांनी काढून घेतली.

इतका राग मला जोनासला गिळणाऱ्या समुद्राचाही आला नव्हता. माझ्या हाताने लिहून दिलं मी. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. चार शब्द लिहिता येतात म्हणून मिरवत दिलं.

दिवस १९

मर्सी लोणी घुसळत होती. समोर बसून तिला तिन्ही नावं सांगितली. वाटलं होतं ती माझ्या बाजूने उभी राहील, उरलेल्या दहाजणींना उठवेल. तिचे हात थांबले. तोंड असं झालं की मला पाहवेना. म्हणाली, “सायलसला दात यायचे होते गं.” आणि मग माझं मनगट घट्ट धरून, “तुला वाचता येतं तर तू वाच. पण मला हे परत देऊ नकोस. पाया पडते तुझ्या.”

संध्याकाळच्या आत तिने जाऊन पाद्रींना सांगितलं. परतली ती गुणगुणतच. त्यांनी तिचं पान पुन्हा खरवडलं असावं, या वेळी खोल.

तिच्यावर रागवावं तरी कसं? पण रागावले आहे.

दिवस २२, प्रभूचा दिवस

पाद्रींनी माझी साक्ष वाचायला सुरुवात केली तशी मी उठून उभी राहिले. म्हणाले, ही साक्ष खोटी आहे, माझं मूल मूर्ती नव्हतं, सात वर्षांची मुलगी होती, आणि देवाला ती हवी होती तर त्याने माझ्याकडे मागायची होती. दोघा माणसांनी दंडाला धरून बाहेर नेलं. बायका बाकांवर खाली बघत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

दाराबाहेर उभी होते. सूर्य डोक्यावर. आत चाकू कागदावर चालल्याचा आवाज — खर, खर — एवढा बारीक आवाज भिंतीतून ऐकू येतो का? मला आला.

तिच्या केसांचा रंग —

तपकिरी. तपकिरी असावा.

दिवस २३

तिला काय आवडायचं ते लिहायला बसले. सफरचंद — की ते मला? गाणं म्हणायची. कुठलं? डाव्या गुडघ्यावर व्रण होता. की जोनासच्या?

डीकन जेवताना म्हणाले, रंग सुधारला तुझा. ताट उचलून भिंतीवर मारलं. मर्सीने तुकडे गोळा केले, हसतमुखाने.

दिवस २४

मागच्या पानांवर एक नाव पुन्हा पुन्हा येतं. अक्षर माझं आहे. वाचता येतं. पण शेजारच्या गावाचं नाव वाचावं तसं —

झोप छान लागली. लाज वाटते. कशाची ते —

दिवस २५

पाद्री येऊन गेले. म्हणाले, आता शांत वाटत असेल.

नाही. माझ्या छातीत राग आहे. सकाळी उठले तेव्हा होता, पीठ मळताना होता. कुणासाठी आहे ते सापडत नाही, पण तो कुणाचा तरी आहे, मूठभर नाही, माणसाच्या मापाचा आहे. तो त्यांना खरवडता आला नाही. त्याला नावच नव्हतं, चाकू लावणार कुठे?

मी त्याला निजू देणार नाही. पुढच्या प्रभूच्या दिवशी पुन्हा उभी राहीन. बाहेर काढलं तर दारातून ओरडेन, बर्फ पडला तरी त्यात उभी राहून ओरडेन. त्या अकराजणींच्या तोंडाकडे बघून विचारीन, तुमच्याही छातीत हे आहे ना — आणि त्या पाद्रीला विचारीन, माझं काय घेतलंस, सांग, माझं कोण —