गोलकीपर इद्रीसची काळी जर्सी

मी, मुझम्मिल इब्राहिम होडेकर, वय ६८, मूळ गाव जयगड, सध्या मुक्काम अल कुसैस, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा ते विचारत नाही. बायको शहनाझ "लिहा एकदाचं!" म्हणाली, ती जबरदस्ती धरू नये.

१. जयगडचं घर आणि बँकेतली शिल्लक वारसांना शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे जावी. माझी मर्जी चालते ती एक तृतीयांशावर. खालचं सगळं त्यातलं.

२. खोर फक्कान बंदरात थंड कंटेनर दुरुस्त करायचे माझे पाने मावसभाऊ रफिकला द्यावेत. आमच्या फुटबॉल टीमचं नाव 'वास्को खोर फक्कान' ठेवलं तेव्हापासून हा टोमणा मारतोय, "हाजींचं जहाज जाळणाऱ्या पोर्तुगीजाचं नाव घेतोस? लाज वाटत नाही?" रफिक, हबीबी, त्या दर्यावर्दीला मीही शिव्याच घालतो. माझं प्रेम रिओच्या वास्को क्लबावर आहे. खलास.

३. त्या क्लबाच्या इतिहासाची माझी वही नात सफाला द्यावी. तिला मराठी वाचता येत नाही, तिच्या आईने, यम्नाने, वाचून दाखवावी. निदान एवढं तरी: १८९८ साली वल्हवणाऱ्यांनी क्लब काढला, फुटबॉल मागाहून आला. १९२३ला काळ्या आणि कामगार पोरांना घेऊन ते रिओचे विजेते झाले. बड्या क्लबांचं पोट दुखलं. पुढच्या वर्षी त्यांनी नवी संघटना काढली आणि अट घातली, त्यातले बारा खेळाडू काढा. वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र पाठवलं: मग आम्हीच येत नाही. तीन वर्षांत चाहत्यांच्या वर्गणीतून स्वतःचं स्टेडियम उभं केलं. चिकनचे कंटेनर तपासायला आलेल्या सेबास्तियांव नावाच्या ब्राझिली तंत्रज्ञाने मला हे सांगितलं आणि जाताना अंगातली काळी, पांढऱ्या पट्ट्याची जर्सी काढून दिली.

४. १९९९चा चषक भंगारात द्यावा. शहनाझ त्यात चमचे ठेवते, ते आधी काढावेत. त्या स्पर्धेची अट होती, फक्त ऑफिस स्टाफ, मजुरांच्या कॅम्पवाले नकोत. आमचा गोलकीपर इद्रीस, श्रीवर्धनचा, कंटेनर धुवायचा, कॅम्पात राहायचा. वास्कोचं ते पत्र तोंडपाठ असलेल्या मी यादीतून त्याचं नाव खोडलं. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे भाई, तुम्ही जिंका." आम्ही जिंकलो. मला आजही त्याची शरम वाटते.

५. काळी जर्सी इद्रीसला द्यावी. सोबत सांगावं की मुझम्मिल चुकला होता. यम्ना वाचून म्हणाली, "अब्बा, जस्ट कॉल हिम." तिला काय जातंय!

ता. क. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून शेवटी इद्रीसलाच फोन केला. पंचवीस वर्षांनी! तो आला, चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाला, "भाई, ज्याला वस्तू मिळणार त्याची साक्ष चालत नाही. आणि जर्सीसाठी तुमच्या मरणाची वाट बघू का मी?"

सबब कलम ५ रद्द. जर्सी आजच दिली. पोटावर बसत नाही, तरी त्याने ती घातली आणि शहनाझने चहा आणेपर्यंत काढली नाही. माफीही मी माझ्याच तोंडाने मागितली. आता त्याला या कागदातून काहीच मिळायचं नाही, तेव्हा सही करायला तो मोकळा आहे. नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहावं, एवढीच माझी विनंती होती.

ठिकाण: अल कुसैस
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: मुझम्मिल इब्राहिम होडेकर

साक्षीदार:
१. उमर दाऊद सोलकर, शेजारी
२. इद्रीस हसन मुकादम, गोलकीपर, वास्को खोर फक्कान